जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२ – ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, स्वातंत्र्यसैनिक, ग्रामोद्योग चळवळीचे संघटक आणि ख्रिस्ती विचारवंत होते. महात्मा गांधींच्या आर्थिक विचारांना शास्त्रशुद्ध मांडणी देणारे अभ्यासक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या कार्याचा सर्वांत मोठा कालखंड वर्धा येथील मगनवाडीत गेला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते पहिले सचिव होते. श्रद्धावान ख्रिस्ती असूनही शस्त्रबळाला आशीर्वाद देणाऱ्या चर्चशी त्यांचा जाहीर मतभेद झाला. युद्धात मेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या समाजाने युद्धाची कारणे स्वतःच्या दैनंदिन जीवनात शोधली पाहिजेत, या विचाराने त्यांचे अर्थशास्त्र आणि त्यांची धर्मश्रद्धा यांना एकत्र बांधले.

सुरुवातीचे जीवन

कुमारप्पा यांचा जन्म तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस असे होते. वडील एस. डी. कॉर्नेलियस सरकारी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. आई एस्थर या अतिशय धर्मनिष्ठ होत्या. घरातील नियमित उपासना, काटकसर आणि गरजूंना मदत करण्याची सवय यांचा मुलांवर खोल परिणाम झाला. धाकटे बंधू भारतन कुमारप्पा हेही पुढे गांधीजींचे सहकारी व लेखक म्हणून प्रसिद्धीस आले.

लेखापालाचे शिक्षण घेण्यासाठी कुमारप्पा लंडनला गेले. पहिल्या महायुद्धाचा काळ त्यांनी तेथेच काढला. युद्धानंतर ते भारतात परतले आणि मुंबईत हिशेब तपासनीस म्हणून व्यवसाय करू लागले. या काळात त्यांची राहणी पूर्णपणे पाश्चात्त्य वळणाची होती. हिशेबातील काटेकोरपणा मात्र याच व्यवसायातून त्यांच्या अंगी बाणला आणि सार्वजनिक जीवनात तीच त्यांची ओळख ठरली.

अर्थशास्त्राकडे आणि गांधीजींकडे

१९२७ मध्ये कुमारप्पा अमेरिकेस गेले. सिराक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास सुरू केला. तेथील एका चर्चमध्ये भारताच्या दारिद्र्यावर त्यांनी दिलेल्या व्याख्यानाची वृत्तपत्राने दखल घेतली. ते वृत्त वाचून त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी हाच विषय प्रबंधासाठी घेण्याचा सल्ला दिला. ब्रिटिश सरकारची करपद्धती आणि सरकारी खर्च यांमुळे भारतीय जनता कशी दरिद्री होत गेली, याचा शोध घेताना कुमारप्पांची दृष्टी बदलली. ज्या साम्राज्यात त्यांनी सुखाने व्यवसाय केला होता, त्याचे हिशेब आता त्यांना वेगळेच दिसू लागले.

भारतात परतल्यावर ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात त्यांची गांधीजींशी पहिली भेट झाली. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारे वृद्ध गृहस्थ म्हणजेच गांधीजी, हे त्यांच्या लगेच लक्षात आले नाही, अशी आठवण सांगितली जाते. गांधीजींनी त्यांचा प्रबंध ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध केला आणि खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. गुजरात विद्यापीठाच्या वतीने खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पूर्ण केली. याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव धारण केले आणि खादी स्वीकारली. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही. भारतीय होण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धा सोडावी लागत नाही, अशी त्यांची धारणा होती.

छावणी, चर्च आणि प्रार्थना

कुमारप्पांनी चर्चशी घातलेला वाद समजण्यासाठी ब्रिटिश अमदानीतील चर्च आणि लष्कर यांचे नाते लक्षात घ्यावे लागते. लष्करी छावण्यांमध्ये सैनिकांसाठी चर्च बांधलेली असत. तेथील धर्मोपदेशकांची नेमणूक सरकार करीत असे आणि त्यांचा पगार भारताच्या महसुलातून दिला जाई. रविवारची उपासना, मृत सैनिकांचे दफनविधी, त्यांच्या कुटुंबीयांचे सांत्वन आणि लढाईनंतरच्या स्मरणप्रार्थना ही या धर्मोपदेशकांची नित्याची कामे होती. मुंबईतील कुलाबा भागातील सेंट जॉन चर्च, जे अफगाण चर्च या नावाने परिचित आहे, पहिल्या अफगाण युद्धात मृत्युमुखी पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले. भिंतींवरील स्मृतिशिलांमधून मृतांची नावे जपणारी अशी चर्च देशातील अनेक छावण्यांत आढळतात. विदर्भात नागपूरजवळील कामठी ही अशीच जुनी छावणी होती.

दूर देशी मरण पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना या प्रार्थनांनी आधार दिला, यात शंका नाही. तथापि त्याच उपासनेत राजासाठी, सैन्यासाठी आणि विजयासाठीही प्रार्थना केली जात असे. पहिल्या महायुद्धात तर परस्परांशी लढणारी ख्रिस्ती राष्ट्रे एकाच परमेश्वराकडे आपापल्या विजयाची याचना करीत होती. शोकातील सांत्वन आणि शस्त्रांना दिलेला आशीर्वाद यांतील सीमारेषा पुसट होणे, हा कुमारप्पांच्या आक्षेपाचा गाभा होता.

१९३० चा वाद

भारतातील अँग्लिकन चर्च १ मार्च १९३० रोजी इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झाले. त्यानंतर काही दिवसांतच गांधीजींनी दांडीयात्रेला आरंभ केला. सरकारने सत्याग्रह दडपण्यासाठी लाठीमार आणि अटकसत्र सुरू केले. गुजरातेत धारासणा येथे मीठगोदामाकडे शांतपणे निघालेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी केलेला लाठीहल्ला जगभर गाजला.

गांधीजींच्या अटकेच्या काळात ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी कुमारप्पांवर आली. त्यांनी भारतातील ख्रिस्ती धर्मोपदेशकांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले. येशूने शिकवलेला अहिंसेचा मार्ग एक राष्ट्र प्रत्यक्ष आचरणात आणू पाहत असताना ख्रिस्ती समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहावे, असा त्याचा आशय होता. अँग्लिकन चर्चचे भारतातील प्रमुख, कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांना ही भूमिका मान्य नव्हती. कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीशी सुसंगत नाही, असे त्यांचे मत होते. यातून दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला.

कुमारप्पांचा प्रश्न सरळ होता. निःशस्त्र माणसाच्या कायदेभंगात चर्चला पाप दिसत असेल, तर त्याच्यावर चालणाऱ्या लाठीविषयी आणि बंदुकीविषयी चर्च गप्प का राहते? राज्यसत्तेच्या हिंसेला व्यवस्था म्हणायचे आणि पीडितांच्या प्रतिकाराला अव्यवस्था म्हणायचे, ही भूमिका त्यांना येशूच्या चरित्राशी विसंगत वाटत होती. येशूला सुळावर देण्याचे काम रोमन सैनिकांनी कायद्याच्या आज्ञेनेच केले होते आणि येशूने त्या सैनिकांसाठी क्षमेची प्रार्थना केली होती. ही प्रार्थना सैनिकाला माणूस म्हणून जवळ करते, परंतु त्याच्या हातून झालेल्या कृत्याचे समर्थन करीत नाही. कुमारप्पांच्या अहिंसाविचारातही व्यक्ती आणि व्यवस्था यांच्यातील हा भेद महत्त्वाचा आहे. या वादानंतर संस्थात्मक चर्चपासून ते दूर गेले. येशूवरील त्यांची निष्ठा मात्र आयुष्यभर टिकली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावासही भोगावा लागला.

बिहारचा भूकंप

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. हजारो लोक मृत्युमुखी पडले. राजेंद्र प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या हिशेबाचे काम कुमारप्पांकडे आले. आपत्तीनंतरच्या सेवेत करुणेइतकीच शिस्तही आवश्यक असते, हे त्यांच्या तेथील कामातून दिसले. पीडितांसाठी आलेला पैसा कार्यकर्त्यांच्या किंवा नेत्यांच्या खर्चासाठी वापरू देण्यास त्यांनी नकार दिला. गांधीजींसोबत आलेल्या मंडळींनाही त्यांनी यातून सूट दिली नाही, असे सांगितले जाते. दिलेल्या प्रत्येक पैशावर आपद्ग्रस्ताचा हक्क आहे, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला.

वर्धा आणि मगनवाडी

१९३४ मध्ये गांधीजींनी वर्धा हे आपले कार्यकेंद्र केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. कुमारप्पा त्याचे सचिव झाले. संघासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपला बगीचा व तेथील घर दिले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये सेगाव येथे राहायला जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम मगनवाडीतच होता.

मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, बैलघाणीचे तेल, गूळ, हातकागद, साबण, मधमाशीपालन आणि कुंभारकाम यांचे प्रयोग व प्रशिक्षण चालत असे. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप हा कंदील येथेच तयार झाला. संघाचे ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मासिक कुमारप्पा संपादित करीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील उद्योगांची पाहणी करण्यासाठी प्रांतिक सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही कुमारप्पांकडे होते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या नई तालीम समितीत त्यांनी काम केले.

सेवाग्रामची प्रार्थना

सेगावचे पुढे सेवाग्राम झाले. तेथील आश्रमात सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना होत असे. तीत गीतेतील श्लोक, कुराणातील आयती, पारशी प्रार्थना आणि भजने यांबरोबर ख्रिस्ती स्तोत्रांनाही स्थान होते. कार्डिनल न्यूमन यांचे ‘लीड, काइंडली लाइट’ हे स्तोत्र गांधीजींच्या विशेष आवडीचे होते.

युद्धाची छाया या प्रार्थनेवरही पडली. आश्रमात राहणाऱ्या एका जपानी बौद्ध भिक्षूला, जपान युद्धात उतरल्यावर, पोलीस घेऊन गेले. त्याने म्हटलेला मंत्र मात्र आश्रमाने आपल्या प्रार्थनेत कायम ठेवला. शत्रुराष्ट्र ठरलेल्या देशातील माणसाची प्रार्थना रोज म्हणत राहणे, ही सेवाग्रामची युद्धाविषयीची भूमिकाच होती. विजयासाठी केलेल्या प्रार्थनेत अर्धे जग बाहेर राहते, तर या प्रार्थनेत कोणीही परका नव्हता. कुमारप्पांची ख्रिस्तनिष्ठा याच वातावरणात अधिक व्यापक झाली.

युद्धाचे मूळ बाजारात

कुमारप्पांच्या मते युद्धे केवळ राजांच्या किंवा सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेतून होत नाहीत. केंद्रित यंत्रोद्योगांना दूरदेशीचा कच्चा माल आणि दूरदेशीचा बाजार लागतो. तो मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी सागरी मार्ग, वसाहती व आरमार ताब्यात ठेवावे लागते. म्हणून अशा उद्योगांचा माल विकत घेणारा सामान्य ग्राहकही त्यामागील हिंसेचा वाटेकरी ठरतो. वस्तूच्या किमतीत केवळ मजुरी व नफा नसतो, तर ती मिळवताना सांडलेले रक्तही असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे.

या विचाराने ग्राहकाच्या खांद्यावर मोठी जबाबदारी येते. रणांगणावर मरणारा सैनिक आणि त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावणारे कुटुंब यांच्या दुःखाचा धागा दुकानातील खरेदीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे शोकप्रार्थना प्रामाणिक व्हायची असेल, तर खरेदी, आहार आणि उत्पादनाची पद्धतही बदलली पाहिजे. आसपासच्या कारागिराने बनवलेली वस्तू वापरण्याचा त्यांचा आग्रह केवळ स्वदेशीच्या अभिमानातून आलेला नव्हता. जी वस्तू कोठून आली हे ग्राहकाला दिसते, तिच्यामागे अन्याय झाला आहे की नाही हे त्याला पडताळता येते, असा त्यामागील तर्क होता.

दुसरे महायुद्ध आणि कारावास

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातून धान्य, कापड व इतर माल मोठ्या प्रमाणावर उचलला. त्याच्या मोबदल्यात मिळणारे स्टर्लिंग लंडनमध्ये जमा होत राहिले आणि भारतात कागदी चलन वाढत गेले. यातून उद्भवलेल्या महागाईचा भार गरिबांवर पडला. कुमारप्पांनी ‘स्टोन फॉर ब्रेड’ या लेखात या व्यवहारावर कठोर टीका केली. भाकरी मागणाऱ्या मुलाला कोणता बाप दगड देईल, या येशूच्या दृष्टान्तावरून लेखाचे शीर्षक घेतले होते. सरकारी अर्थव्यवहाराची तपासणी बायबलमधील एका साध्या प्रश्नाने करण्याची ही पद्धत त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होते. या लेखनाबद्दल त्यांना शिक्षा झाली.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात वर्धा जिल्हाही होरपळला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले आणि जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. एकाच गावात दोन्ही बाजूंचे मृतदेह पडल्याने, दुःखात भेद करता येत नाही याचा कटू अनुभव जिल्ह्याने घेतला. युद्धकाळातील मोठा भाग कुमारप्पांनी तुरुंगात काढला. जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असताना त्यांची प्रकृती खालावली, परंतु त्यांचे सर्वांत महत्त्वाचे लेखनही तेथेच झाले. १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

ग्रंथ आणि धर्मविचार

कारावासातील लेखनातून १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ आणि ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथांना गांधीजींची प्रस्तावना लाभली. पहिल्या ग्रंथात कुमारप्पांनी निसर्गातील उदाहरणांवरून अर्थव्यवस्थांचे प्रकार सांगितले आहेत. परोपजीवी आणि लुटारू अर्थव्यवस्था इतरांचा नाश करून जगतात. उद्यमशील अर्थव्यवस्था स्वतःच्या श्रमावर उभी असते. समूहाच्या हिताची अर्थव्यवस्था त्यापुढची पायरी असून सेवेची अर्थव्यवस्था ही सर्वोच्च आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिल्लांना भरवणारा पक्षी किंवा बाळाला वाढवणारी आई हे सेवेच्या अर्थव्यवस्थेचे उदाहरण होय.

दुसऱ्या ग्रंथात त्यांनी येशूकडे मतप्रणालीचा संस्थापक म्हणून न पाहता आचरणाचा गुरू म्हणून पाहिले आहे. श्रद्धेची कसोटी पंथाच्या नावावर अवलंबून नसून शेजाऱ्याशी असलेल्या वागणुकीवर अवलंबून आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ या पुस्तकासह हे ग्रंथ एकत्र वाचल्यास त्यांचा अर्थविचार आणि धर्मविचार परस्परांहून वेगळे नव्हते, हे स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांनी भूषवले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस सेवाग्राम येथे जागतिक शांततावादी परिषद भरली. लष्करी सेवेस विवेकबुद्धीने नकार दिलेले, युद्धग्रस्तांत मदतकार्य केलेले आणि विविध ख्रिस्ती पंथांतील शांततावादी तिला उपस्थित होते. दोन महायुद्धांनंतर धर्माने युद्धाशी कोणते नाते ठेवावे, हा कुमारप्पांनी दीर्घकाळ मांडलेला प्रश्न अशा रीतीने वर्ध्याच्याच परिसरात जगाच्या प्रतिनिधींपुढे आला.

मगनवाडी सोडल्यावर कुमारप्पांनी वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम स्थापन करून शेतीचे प्रयोग केले. चीन व जपान या देशांचे दौरे करून त्यांनी तेथील शेती व लघुउद्योगांचा अभ्यास केला. स्वतंत्र भारताच्या केंद्रित औद्योगिक धोरणावर त्यांनी केलेली टीका जुन्या सहकाऱ्यांनाही रुचली नाही. प्रकृती ढासळल्याने अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात घालवली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

वारसा

वर्ध्यातील मगन संग्रहालय आणि मगनवाडी परिसरातील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था येथे त्यांच्या कार्याची परंपरा चालू आहे. जयपूर येथील कुमारप्पा ग्रामस्वराज संस्थान त्यांच्या नावाने कार्यरत आहे. निसर्गाची मर्यादा ओळखणाऱ्या अर्थविचाराचे एक आद्य प्रवर्तक म्हणून अलीकडच्या काळात त्यांच्या लेखनाकडे अभ्यासक पुन्हा वळले आहेत.

सेवाग्राम आणि मगनवाडी असलेल्या याच वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे भारतीय सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या भीषण आगीत लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. शांततेची प्रयोगशाळा आणि शस्त्रांचे कोठार एकाच जिल्ह्यात असल्याने कुमारप्पांचा विचार येथे केवळ इतिहासाचा विषय राहत नाही. मृत सैनिकांच्या घरच्यांचे सांत्वन करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ज्या कारणांनी शस्त्रे साठवावी लागतात, ती कारणे कमी करण्याचा प्रयत्न हा त्यांच्या दृष्टीने त्याच प्रार्थनेचा उत्तरार्ध होता.